सर्जाची तपासणी

आमच्या यवतमाळात विमान बघायचं असेल तर मान वर करावी लागते! खूप उंचावरून एक पांढरी रेघ ओढत ते जातं आणि पोरं गच्चीवरून हात हलवतात. तसं यवतमाळजवळ भारी गावाला धावपट्टी आहे. पण तिथून ठरावीक वेळेला सुटणारी प्रवासी विमानं नाहीत. मग विमानात बसायचं तर काय करायचं? पहाटे उठायचं, गाडी काढायची आणि नागपूर गाठायचं. कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी असा साधारण दीडशे किलोमीटरचा रस्ता.

दिवाळीची सुट्टी संपली आणि आम्ही असेच निघालो. आम्ही म्हणजे कोण? माझी ताई, तिची दहा महिन्यांची तान्ही, सहा वर्षांचा माझा भाचा, आमची आई म्हणजे त्या दोघांची आजी, आणि मी, मामा. भाऊजी पुण्याला नोकरीला. बसने जायचं तर सगळी रात्र मोडते, आणि तान्हीला घेऊन एवढा वेळ बसणं ताईला जड जातं. म्हणून नागपूरहून पुण्याचं विमान ठरवलं होतं.

अरे हो, आमच्यात सहावाही एक जण होता. सर्जा!

सर्जा म्हणजे भाच्याचा लाकडी नंदी. विदर्भाबाहेरच्या दोस्तांना सांगायला हवं, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोळा खऱ्या बैलांचा आणि तान्हा पोळा मुलांच्या लाकडी बैलांचा. नंदी रंगवायचा, त्याच्या शिंगांना बेगड लावायची, गळ्यात घुंगरू बांधायचे आणि दोरीने ओढत गल्लीभर मिरवायचं. घरोघरी खाऊ नाहीतर पैसे मिळतात. भाच्याचा सर्जा वीतभर उंच, अंगाने भरीव, चार चाकांचा. झोपताना उशाशी, जेवताना ताटाशी. सर्जाला सोडून तो कुठेच जायचा नाही.

आणि नेमकी तिथेच अडचण होती.

त्याचं असं झालं. मागच्या वर्षी ताई दोन्ही मुलांना घेऊन एकटीच विमानाने गेली होती. नागपूरहून नाही, दुसऱ्या एका मोठ्या शहरातून. तेव्हा ही तान्ही तर अगदीच लहान, खांद्यावरच असायची. तपासणीच्या रांगेत खूप गर्दी. ताईच्या एका हातात बाळ, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी, खांद्याला पर्स. पुढून आवाज आला, "बाबागाडी मिटवा, पट्ट्यावर ठेवा." एका हाताने बाबागाडी मिटते का कधी? मागचे लोक घड्याळाकडे बघायला लागले. एक जण तर मोठ्याने "लवकर करा की हो" असंही म्हणाला. त्या घाईत कुणीतरी भाच्याच्या हातातून सर्जाला उचललं, ट्रेमध्ये ठेवलं, आणि काळ्या पडद्यांच्या आड सर्जा दिसेनासा झाला.

भाचा तेव्हा पाच वर्षांचा. त्याने जो काय हंबरडा फोडला! तो जमिनीवर लोळला, बाळही रडायला लागलं, आणि ताईच्या डोळ्यांतही पाणी आलं. मिनिटाभरात सर्जा पलीकडून बाहेर आला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

यंदा पुण्याला जायचं म्हटल्यावर भाच्याने सरळ सांगून टाकलं, "मी नाही येत. तुम्ही जा. मी आजीजवळ राहतो."

आजी म्हणाली, "काहून रे बापा? मी बी तर येऊन राहिली नं पुण्याला."

"मंग तू बी नको जाऊ!"

एवढं बोलून पोरगं सर्जाला घेऊन पलंगाखाली जाऊन बसलं. वडील तिकडे वाट बघताहेत आणि हा इकडे निघायला तयार नाही. ताईचा चेहरा उतरला. "उचलून न्यावं लागणार," ती हळूच मला म्हणाली.

उचलून नेता आलं असतं. पण मग तो प्रत्येक वेळी असाच रडला असता. मी पलंगाखाली डोकं घातलं आणि विचारलं, "तुला नेमकी कशाची भीती वाटते रे?"

बराच वेळ उत्तर नाही. मग बारीक आवाजात तो म्हणाला, "ते मशीन खाऊन टाकते."

बघा! पोराला विमानाची भीती नव्हती, गणवेशातल्या जवानांची नव्हती की गर्दीचीही नव्हती. आत गेलेली वस्तू दुसऱ्या बाजूने बाहेर येते, हे त्याला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याला ते माहीत असतं, म्हणून लहानांनाही माहीत असेल असं आपण धरून चालतो.

मग आम्ही घरातच विमानतळ मांडला. जेवणाचं टेबल हे यंत्र. त्याच्या दोन्ही बाजूंना आजीच्या जुन्या लुगड्याचे पडदे. चादर हा सरकता पट्टा, आणि स्वयंपाकघरातल्या पराती हे ट्रे. दोन खुर्च्या मध्ये जागा सोडून उभ्या केल्या की झाली तपासणीची चौकट. मी एका बाजूने चादर ओढायची, परातीतली वस्तू टेबलाखालून पलीकडे जायची. पहिल्यांदा माझी चप्पल गेली. मग तान्हीचं झबलं गेलं. मग तान्हीच रांगत रांगत गेली! (खऱ्या यंत्रात बाळाला कधीच पाठवत नाहीत बरं का. बाळ आईच्या कडेवर, चौकटीतून जातं.) हसून हसून भाच्याचं पोट दुखलं. चौथ्या खेपेला तो स्वतःच म्हणाला, "आता सर्जा."

त्याने सर्जाला परातीत ठेवलं आणि धूम पळत टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. पडदा हलला. आधी शिंगं आली, मग सर्जा आला. "निंगला!" भाचा ओरडला. हा खेळ आम्ही दोन दिवसांत किती वेळा खेळलो याची मोजदाद नाही.

दुसऱ्या दिवशी भाचा तपासणी अधिकारी झाला आणि सगळ्यांच्या पिशव्या उपसायला लागला. आजीच्या चंचीत त्याला काय सापडलं असेल? अडकित्ता! सुपारी कातरायचा, चांगला धारदार. आता सुरी, कात्री, पाती अशी धारेची हत्यारं विमानात जवळ बाळगता येत नाहीत. आजी कुरकुरली, "सुपारी काय दातानं फोडू का मी?" पण शेवटी अडकित्ता मोठ्या बॅगेत गेला. मोठी बॅग आपण काउंटरवर देऊन टाकतो, ती विमानाच्या पोटातून जाते. ठेच्याची बरणीही त्याच बॅगेत गेली. मात्र मोबाइलला वीज पुरवणारी पॉवर बँक उलट. ती मोठ्या बॅगेत टाकायची नाही, जवळच ठेवायची. तिच्यातली बॅटरी तापून पेट घेऊ शकते, आणि विमानाच्या पोटात तशी आग लागली तर कुणाला लगेच हात घालता येत नाही. आपल्याजवळ असली तर लक्ष राहतं.

खेळता खेळता भाच्याचे प्रश्न सुरू झाले. "मामा, मशीनमंधी काय असते?"

तुम्हालाही हा प्रश्न पडला असेल. त्या पेटीत क्ष-किरण असतात. १८९५ साली जर्मनीत राँटजेन या शास्त्रज्ञाने ते शोधले. हाड मोडलं की डॉक्टर ज्याने फोटो काढतात, तेच हे किरण. ते कापडातून, कागदातून सहज आरपार जातात, लोखंडात मात्र अडतात. कुठे किती अडले यावरून पडद्यावर चित्र उमटतं. ते ओळखायला सोपं जावं म्हणून त्याला रंग दिलेले असतात. लाकूड, कापड, अन्न अशा वस्तू नारिंगी दिसतात आणि धातू निळे. म्हणजे सर्जा नारिंगी दिसणार आणि त्याच्या चाकांतले लोखंडी दांडे निळे! ही गोष्ट भाच्याला फारच आवडली. आणि हो, या यंत्रातून गेलेलं दूध किंवा भात खायला अजिबात वाईट होत नाही. किरण आरपार निघून जातात, मागे काही राहत नाही.

माणसं ज्या चौकटीतून जातात तिचं काम वेगळं. तिच्यात क्ष-किरण नसतात. तिच्या दोन्ही बाजूंना तारेची वेटोळी असतात. वीज फिरली की तिथे सारखं बदलणारं चुंबकक्षेत्र तयार होतं. त्यात धातू आला की धातूतही बारीकशी वीज फिरते, आणि ती खूण ओळखून चौकट 'टीं' करते. गंमत अशी, की चांदी काही लोहचुंबकाला चिकटत नाही, पण या चौकटीला चांदीसुद्धा कळते. त्यामुळे तान्हीच्या पायातले वाळे वाजणार, हे आम्ही आधीच ओळखलं. वाळे काढून डबीत ठेवायचे ठरले. कमरेच्या करगोट्यातही चांदीचे मणी होते. पण आजी म्हणाली, "लेकराचा करगोटा नाही काढायचा म्हणजे नाही!" म्हटलं, राहू दे. वाजला तर वाजला.

"पण तपासतातच काहून?" भाच्याचा पुढचा प्रश्न.

फार जुन्या काळी तपासत नव्हते. लोक एसटीत चढावं तसे विमानात चढायचे. मग विमानं पळवण्याचे प्रकार सुरू झाले. १९७१ च्या जानेवारीत श्रीनगरहून निघालेलं 'गंगा' नावाचं आपलं छोटं विमान दोघांनी पळवून लाहोरला नेलं. त्यांच्या हातातलं पिस्तूल आणि हातबॉम्ब दोन्ही नकली होते, हे मागाहून कळलं. उतारू सुखरूप सुटले, पण विमान जाळून टाकलं. खेळण्यातलं पिस्तूलसुद्धा विमानतळावर का चालत नाही, हे आता कळलं ना? १९८५ च्या जूनमध्ये 'कनिष्क' विमानात बॉम्ब फुटला आणि ३२९ माणसं गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. मग १९९९ च्या डिसेंबरात काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान पळवून कंदाहारला नेलं. त्यानंतर विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे द्यायचं ठरलं, आणि २००० च्या फेब्रुवारीत जयपूरपासून सुरुवात झाली. खाकी गणवेशातले जे जवान आपल्याला तपासतात ते या दलाचे. नियम कोणते असावेत हे नागरी विमान सुरक्षा ब्यूरो ठरवतो.

भाच्याला मी एवढं सगळं सांगितलं नाही. सहा वर्षांच्या मुलाला सांगायचं ते इतकंच, "कुणी वाईट वस्तू घेऊन आलं नाही ना, हे ते सगळ्यांचं बघतात. आजीचं बघतात, माझं बघतात. विमान चालवणाऱ्या पायलटचंसुद्धा बघतात."

"सर्जाचं बी?"

"सर्जाचंही."

निघायच्या दिवशी आम्ही झुंजुमुंजू व्हायला बाहेर पडलो. हवेत गारवा होता. यवतमाळ पठारावर वसलेलं. मागे टेकड्या धूसर दिसत होत्या. उजाडलं तसे दोन्ही बाजूंचे कपाशीचे मळे दिसायला लागले. बोंडं फुटून शेतं पांढरी झालेली, मधूनमधून हिरव्या तुरीची तासं. बाया ओटी बांधून वेचणीला निघाल्या होत्या. कापसाने शिगोशीग भरलेल्या गाड्या रस्त्याने हळूहळू चालल्या होत्या. भाच्याने सर्जाला खिडकीशी धरून सगळं दाखवलं.

कळंबला थांबलो. इथला चिंतामणी फार जुना. देवळात वर चढायचं नाही, पायऱ्या उतरून खाली जायचं! भाच्याने बाप्पाला काय सांगितलं ते त्यालाच ठाऊक, पण सर्जाचं डोकं मात्र पायरीला टेकवलं. कळंबला आता रेल्वेही आली आहे. वर्ध्याहून यवतमाळमार्गे नांदेडला जाणाऱ्या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. पुढे वर्धा नदीचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा संपतो. मग देवळी, मग वर्धा. सेवाग्रामची पाटी दिसली तेव्हा आजीने नेहमीप्रमाणे हात जोडले. बुटीबोरी गेलं, कारखान्यांची धुराडी मागे पडली. नागपूरचा विमानतळ वर्धा रोडवरच सोनेगावला आहे, त्यामुळे आपल्याकडून जाताना शहर लागायच्या आधीच तो येतो. २००५ पासून त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं नाव आहे.

गाडीतून उतरल्यावर भाच्याने सर्जाला छातीशी घट्ट धरलं. बडबड थांबली होती.

दाराशी जवानाने तिकिटं आणि ओळखपत्रं बघितली. तान्हीचा जन्मदाखला काउंटरवर दाखवला. दोन वर्षांखालच्या बाळाला वेगळी खुर्ची नसते, आईच्या मांडीवरच बसायचं, म्हणून वय दाखवणारा कागद लागतो. मोठ्या बॅगा गेल्या. आता ती रांग.

आमची कामं आम्ही यवतमाळलाच वाटून घेतली होती. आपल्याकडे अंगतपासणीच्या रांगा पुरुषांची वेगळी आणि बायकांची वेगळी. बायकांची तपासणी पडद्याआड महिला जवान करतात. म्हणजे घरचे लोक तिथे दोन बाजूंना होतात, आणि लहान मुलं गोंधळतात ती तिथेच. आई इकडे गेली, मामा तिकडे गेला, मी कुठे जाऊ? म्हणून आधीच ठरवलं होतं. आजी सगळ्यांत पुढे जाणार आणि पलीकडे ट्रेजवळ उभी राहणार. ताई तान्हीला घेऊन जाणार. भाचा माझ्याबरोबर येणार. बाबागाडी मी मिटवणार. मोबाइल, पट्टा, नाणी सगळं आधीच एका पिशवीत. वाळ्यांची डबी त्याच पिशवीत.

रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जवानाला ताईने सांगितलं, "सोबत तान्हं बाळ आहे." त्याने आम्हाला पुढे घेतलं. हे लक्षात ठेवा हं. लहान बाळ असलं, आजारी किंवा म्हातारं माणूस असलं, तर सांगायला लाजू नये. न सांगता समोरच्याला कसं कळणार?

आजी गेली, पलीकडे पोचली. आजीच्या पाटल्या वाजल्या, पण तिला घरीच सांगितलेलं असल्यामुळे ती घाबरली नाही. ताई तान्हीला घेऊन चौकटीतून गेली. 'टीं!' करगोटा! महिला जवानाने हातातलं छोटं यंत्र बाळाच्या कमरेशी नेलं, करगोटा बघून ती हसली आणि दोघींना सोडलं. काढायला लावला नाही.

आता आमची पाळी. पट्ट्यावर रिकामा ट्रे आला. भाचा ट्रेकडे बघत उभा राहिला. मी काही बोललो नाही. उचलून ठेवायला माझेही हात शिवशिवत होते, पण मागच्या वर्षी चुकलं होतं ते तिथेच. मागून एक काका म्हणाले, "होऊ द्या त्याचं सावकाश." फार बरं वाटलं बघा ते ऐकून.

भाच्याने सर्जाला ट्रेमध्ये ठेवलं. नीट, चाकांवर उभं केलं. पट्टा सरकला, काळे पडदे हलले, सर्जा आत गेला.

आम्ही चौकटीतून गेलो. माझी तपासणी झाली, भाच्याचीही झाली. जवान खाली वाकला, त्याने छोटं यंत्र भाच्याच्या खिशांवरून फिरवलं. पलीकडे आमची पिशवी आली, माझे जोडे आले, बाबागाडी आली. सर्जा आला नाही.

पट्टा थांबला होता. मग तो थोडा मागे गेला. पडद्यासमोर बसलेल्या जवानाने शेजाऱ्याला काहीतरी दाखवलं. भाच्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. माझ्याही पोटात गोळा आला. घरी टेबलाखालून सर्जा दर वेळी निघाला होता, पण 'मध्येच थांबला तर' हा भाग आम्ही खेळायचाच विसरलो होतो!

मी त्याच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, "ते त्याचे निळे दांडे बघताहेत बरं."

त्याने माझा हात घट्ट धरला. रडला नाही. आजी पलीकडून म्हणाली, "निंगते, निंगते. थांब थोडा."

पट्टा पुढे सरकला. आधी शिंगं आली, मग सर्जा आला. पण ट्रे आमच्याकडे आला नाही, बाजूच्या टेबलावर गेला. भरीव लाकूड आणि आत लोखंड, तेव्हा एकदा हाताने बघणं आलंच. जवानाने विचारलं, "हा नंदी कोणाचा?"

"माझा," भाचा म्हणाला. आवाज लहान होता पण स्पष्ट होता. "त्याच्या चाकात लोखंड आहे. ते निळं दिसते."

जवानाने भुवया उंचावल्या. त्याने सर्जाला उलटं केलं, चाकं फिरवून बघितली, एक कापडी पट्टी अंगावरून फिरवून ती दुसऱ्या यंत्रात घातली. स्फोटकांचा कण असेल तर त्या यंत्राला कळतो. मग त्याने सर्जाला दोन्ही हातांत धरून भाच्याकडे दिलं. "नाव काय याचं?"

"सर्जा."

"सर्जाची तपासणी झाली. जा आता."

आजीने सगळं सामान एका बाकाजवळ नेऊन ठेवलं होतं. आम्ही बसून जोडे घातले, वाळे चढवले, तान्हीला मऊ भात भरवला. भाचा मात्र काचेशी उभा राहून सर्जाला विमान दाखवत होता.

मला बसल्या बसल्या वाटलं, ही तपासणी लहान मुलांना सोपी करायला फार मोठ्या यंत्रांची गरज नाही. रांगेच्या सुरुवातीला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर चार चित्रांची एक पाटी असावी : खेळणं ट्रेमध्ये गेलं, पेटीत गेलं, बाहेर आलं, परत हातात आलं. खाली मराठीत दोन ओळी. पट्ट्याजवळ बाबागाडी मिटवायला थोडी जागा, आणि पलीकडे बसायला बाक. बाहेरच्या देशांतही यावर विचार चालू आहे. अमेरिकेत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना जोडे काढायला लावणं २०११ मध्येच थांबवलं, आणि २०२५ मध्ये तिथल्या काही विमानतळांवर लेकुरवाळ्या कुटुंबांसाठी वेगळ्या रांगा सुरू झाल्या. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाने २०१६ मध्ये सूर्यफुलांची चित्रं असलेला गळ्यातला पट्टा आणला. गोंगाटाने, गर्दीने ज्यांना फार त्रास होतो पण ते वरून दिसत नाही, अशांनी तो घालायचा. पट्टा दिसला की तिथली माणसं थोडा जास्त वेळ देतात. पुढे तो जगभर अनेक विमानतळांवर पोचला.

परदेशी जाणार असाल तर आणखी एक नियम आधी माहीत हवा. २००६ मध्ये लंडनला पातळ पदार्थांतून स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आला. तेव्हापासून बऱ्याच विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलीलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत पातळ पदार्थ चालत नाहीत. पण तान्ह्या बाळाचं दूध, खाणं आणि औषध प्रवासापुरतं नेता येतं. ते पिशवीत सगळ्यांत वर ठेवावं आणि विचारायच्या आधीच दाखवावं.

आता तुमच्याकडे एक काम. तुमच्या घरी, शेजारी कुणी लहान मूल पहिल्यांदा विमानाने जाणार असेल तर मोठी माणसं बॅगा भरण्यात गुंतलेली असतात. त्यांना वेळ नसतो, तुम्हाला असतो. मग काढा टेबल, लावा पडदे आणि मांडा विमानतळ. लहानग्याला नेमकी कशाची भीती वाटते ते विचारा. त्याचं खेळणं त्यालाच परातीत ठेवू द्या. आणि आम्ही विसरलो ते तुम्ही विसरू नका. एकदा तरी यंत्र मध्येच थांबवा, खेळणं उलटंसुलटं करून बघा, आणि मग परत द्या.

आमचं विमान सुटायची वेळ झाली. आत बसताना भाच्याने पट्टा बांधला, सर्जालाही त्याच पट्ट्यात घेतलं. विमान वर चढलं तसं खालचं नागपूर बारीक होत गेलं. भाचा नाक चेपून खिडकीला चिकटला होता.

"मामा, यवतमाळ दिसते का इथून?"

दिसत नव्हतं. ढग आड आले होते. मी म्हणालो, "गच्चीवर पोरं हात हलवत असतील बघ."

त्याने सर्जाचा पुढचा पाय धरला आणि खाली बघत हलवला.